श्वानांचा अस्थिकर्करोग आणि रक्तातील फॉस्फेटेज : एका वैद्यकीय चिन्हाचा इतिहास

१. विषयाची मांडणी

शरीरात दडलेल्या रोगाची खूण बाहेर कोठे उमटते, याचा शोध वैद्यकाच्या इतिहासात अखंड चाललेला दिसतो. नाडी, जिव्हा, मूत्र, त्वचेचा वर्ण ही जुन्या वैद्यांची चिन्हस्थाने होती. विसाव्या शतकात त्यांच्या जोडीला रक्तातील रासायनिक द्रव्ये आली. अशा द्रव्यांपैकी अल्कलाइन फॉस्फेटेज हे एंझाइम आणि ऑस्टिओसार्कोमा हा श्वानांना होणारा हाडाचा कर्करोग यांचा संबंध कसा जुळला व त्या संबंधाचा अर्थ कसकसा बदलत गेला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

चिन्ह आणि अर्थ यांचे नाते हा भाषाभ्यासाचा मूळ प्रश्न होय. परंतु तो केवळ शब्दांपुरता मर्यादित नाही. वैद्य जेव्हा रोग्याच्या रक्ताकडे पाहतो, तेव्हा तोही एका चिन्हाचा अर्थच लावीत असतो. भारतीय वैद्यकाने या कामी एक महत्त्वाचा भेद फार पूर्वी केला होता. रोग कोणता हे ज्यावरून कळते ते ‘रूप’, आणि रोग्याचे पुढे काय होणार हे ज्यावरून कळते ते ‘अरिष्ट’. चरकसंहितेतील इंद्रियस्थान हे संपूर्ण स्थान अरिष्टांच्या विवेचनाला वाहिलेले आहे. निदान व साध्यासाध्यविचार ही दोन कार्ये वेगळी असून एका कार्यास उपयोगी पडणारे चिन्ह दुसऱ्या कार्यास उपयोगी पडेलच असे नाही, हा त्या भेदाचा इत्यर्थ आहे. फॉस्फेटेजचा इतिहास पाहिला असता नेमकी हीच गोष्ट प्रत्ययास येते. निदानाचे चिन्ह म्हणून ते पुढे आले, त्या कामी अपुरे पडले, आणि अखेरीस साध्यासाध्यविचाराचे चिन्ह म्हणून स्थिरावले.

२. रोग आणि त्याचे नाव

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदाचे सहा प्रकार सांगितले आहेत : वातज, पित्तज, कफज, रक्तार्बुद, मांसार्बुद आणि मेदोर्बुद. या यादीत रक्त, मांस व मेद हे धातू येतात, अस्थी येत नाही. मात्र एका अर्बुदावर दुसरे अर्बुद उद्भवणे, किंवा एकाच वेळी दोन अर्बुदे होणे, या अवस्थांना तेथे ‘अध्यर्बुद’ व ‘द्विरर्बुद’ अशी स्वतंत्र नावे दिलेली आहेत. मराठीत रूढ झालेला ‘कर्करोग’ हा शब्द या परंपरेतला नव्हे. खेकडा या अर्थाच्या ग्रीक व लॅटिन शब्दांचे ते भाषांतर आहे.

युरोपीय परंपरेत ‘सार्कोमा’ हा शब्द मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला. मांसासारखी दिसणारी कोणतीही वाढ, एवढाच त्याचा जुना अर्थ होता. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन अॅबरनेथी याने १८०४ मध्ये अर्बुदांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यानंतर एका वर्षाने, १८०५ मध्ये, पॅरिस येथील अलेक्सी बॉयेर याने ‘ऑस्टिओसार्कोमा’ हा शब्द योजिला. हाडातील मांसवत् वाढ असा त्याचा शब्दार्थ. पुढे सूक्ष्मदर्शक यंत्राच्या साहाय्याने पेशींचा अभ्यास होऊ लागल्यावर हा अर्थ बदलला. अर्बुद कोठे आहे याला गौणत्व येऊन त्यातील पेशी काय निर्माण करतात याला महत्त्व आले. ज्या सार्कोमातील पेशी स्वतः अस्थिद्रव्य निर्माण करतात तो ऑस्टिओसार्कोमा, ही आजची व्याख्या आहे. शब्द तोच राहिला. त्याचा आधार मात्र स्थानावरून क्रियेवर गेला. हाड घडविणे ही क्रियाच व्याख्येच्या केंद्रस्थानी आल्यामुळे, त्या क्रियेशी संबंधित असलेले एंझाइम पुढे या रोगाचे चिन्ह मानले गेले, यात नवल नाही.

फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल ग्रॉस याने १८७९ मध्ये लांब हाडांच्या सार्कोमाच्या १६५ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध करून अवयवच्छेदाचा पुरस्कार केला. १९२० च्या सुमारास बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन याने अस्थिसार्कोमाची नोंदवही सुरू केली. निरनिराळ्या गावांतील शल्यविशारदांनी आपापल्या रोग्यांची माहिती, क्ष-किरण चित्रे व सूक्ष्मदर्शकाखालील नमुने एकत्र करावेत, हा तिचा हेतू. जेम्स युइंग व जोसेफ ब्लडगुड हे या कामी त्याचे सहकारी होते. एकाच रोगाला दहा ठिकाणी दहा नावे आणि एकाच नावाखाली दहा रोग, अशी जी स्थिती होती तिला या नोंदवहीने आळा घातला.

३. फॉस्फेटेजचा शोध

लंडनच्या लिस्टर संस्थेतील रॉबर्ट रॉबिसन याने १९२३ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. वाढत्या प्राण्यांच्या हाडांत, आणि ज्या कूर्चेचे हाड होऊ घातले आहे त्या कूर्चेत, असे एक एंझाइम आढळते की जे फॉस्फरसयुक्त सेंद्रिय संयुगांतून फॉस्फेट मोकळे करते. ज्या कूर्चेचे हाड व्हावयाचे नसते तीत ते जवळजवळ नसते. मुडदुसाने ग्रस्त झालेल्या प्राण्यांची हाडे अशा संयुगाच्या द्रावणात ठेविली असता त्यांत योग्य त्याच पट्ट्यात कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो, हेही रॉबिसनने दाखविले. हे एंझाइम क्षारधर्मी द्रावणात अधिक क्रियाशील असते. त्यावरून त्याला ‘अल्कलाइन फॉस्फेटेज’ हे नाव मिळाले.

फॉस्फेट पुरविणे हेच या एंझाइमचे कार्य, अशी रॉबिसनची समजूत होती. १९६० नंतरच्या संशोधनाने तीत महत्त्वाची भर घातली. पायरोफॉस्फेट हे द्रव्य हाडात खनिज साचू देत नाही. फॉस्फेटेज त्याचे विघटन करते. म्हणजे अस्थिजनक पेशींच्या पृष्ठभागावर बसलेले हे एंझाइम अडसर दूर करते आणि त्याच वेळी मालही पुरविते. हाडाला त्याची किती गरज आहे हे कॅनडातील कॅम्पबेल रॅथबन याने १९४८ मध्ये वर्णिलेल्या रोगावरून स्पष्ट झाले. त्या रोगात फॉस्फेटेजची जन्मजात उणीव असते, आणि अर्भकाची हाडे मऊ राहतात.

हाडातले हे एंझाइम रक्तात उतरते, व हाडांच्या काही रोगांत त्याचे प्रमाण वाढते, हे १९२९ मध्ये एच. डी. के या संशोधकाने दाखविले. हाडे जाड व वेडीवाकडी करणाऱ्या पॅजेटच्या रोगात ही वाढ विशेष ठळक होती. पॅजेटच्या काही रोग्यांना पुढे ऑस्टिओसार्कोमाही होतो, ही गोष्ट तेव्हा ठाऊक होती. आता प्रश्न मोजमापाचा होता. एंझाइम प्रत्यक्ष मोजता येत नसे, म्हणून त्याने ठराविक वेळात किती काम केले ते मोजावयाचे, अशी युक्ती निघाली. अॅरन बोडान्स्की याने १९३३ मध्ये एका तासात सुटलेल्या फॉस्फरसवर आपले एकक आधारले. टोरांटोच्या किंग व आर्मस्ट्राँग यांनी १९३४ मध्ये अर्ध्या तासात सुटलेल्या फिनॉलवर आपले एकक आधारले. बोडान्स्कीचे एक एकक आजच्या सुमारे ५.४ आंतरराष्ट्रीय एककांबरोबर आहे, तर किंग-आर्मस्ट्राँगचे सुमारे ७.१ एककांबरोबर. एकच आकडा दोन प्रयोगशाळांत दोन भिन्न गोष्टी सांगत असे. जुने निबंध वाचताना आकड्यापुढचे नाव आधी वाचावे लागते, ते यामुळेच.

१९३५ मध्ये फ्रॅनसीन व मॅक्लीन यांनी हाडांच्या अर्बुदांतील व त्या रोग्यांच्या रक्तातील फॉस्फेटेजचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाड निर्माण करणाऱ्या सार्कोमांत हे एंझाइम विपुल असते, आणि त्यांतील अनेक रोग्यांच्या रक्तातही ते वाढलेले असते, असे दिसून आले. रक्ताच्या चार थेंबांवरून हाडाच्या कर्करोगाचे निदान करता येईल, ही आशा त्या काळी बळावली ती अशी.

४. श्वान अभ्यासाच्या कक्षेत

येथवरचा इतिहास माणसांचा आहे. श्वान या इतिहासात दोन दारांनी आले, आणि ती दोन दारे एकमेकांहून अगदी भिन्न होती.

पहिले दार प्रयोगशाळेचे. अमेरिकेत न्यू जर्सी येथे घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त चकाकणारा रंग लावण्याचे काम तरुण स्त्रिया करीत. कुंचल्याचे टोक ओठांनी अणकुचीदार करण्याच्या पद्धतीमुळे रेडियम त्यांच्या पोटात जाई व हाडांत साचे. त्यांपैकी काहींना अस्थिसार्कोमा झाल्याचे हॅरिसन मार्टलंड याने १९२९ मध्ये नोंदविले. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुऊर्जेच्या कारखान्यांतील कामगारांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा यूटा विद्यापीठात १९५० च्या सुमारास बीगल जातीच्या श्वानांवर दीर्घ प्रयोग सुरू झाले. रेडियम, प्लुटोनियम व तत्सम द्रव्ये त्यांच्या शरीरात सोडून त्यांचे आयुष्यभर निरीक्षण करण्यात आले. त्यांच्यातील प्रमुख व्याधी ऑस्टिओसार्कोमा हीच ठरली. माणसांसाठी सुरक्षित मर्यादा ठरविण्याच्या कामी या प्रयोगांचा आधार घेतला गेला. ते ज्ञान ज्या प्राण्यांच्या आयुष्याच्या मोलाने मिळाले, त्यांना त्याचा काही लाभ व्हावयाचा नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

दुसरे दार पशुवैद्यकीय रुग्णालयाचे. घरोघरी पाळलेल्या श्वानांना हा रोग आपोआप होतो, आणि तो माणसांच्या रोगाशी फार मिळताजुळता आहे, हे ज्यांनी पद्धतशीरपणे मांडले त्यांत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे रॉबर्ट ब्रोडी यांचे नाव अग्रभागी येते. १९६३ पासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वानांच्या अस्थ्यर्बुदांवर लिहिले. १९६९ मध्ये ब्रोडी व रायझर यांनी १९४ श्वानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तत्पूर्वी १९६६ मध्ये टजाल्मा यांनी देहाचा आकार व या रोगाचा धोका यांचे गणित मांडून दाखविले होते. लहान चणीच्या श्वानांपेक्षा महाकाय जातींत तो कितीतरी पटींनी अधिक असतो. सेंट बर्नार्ड, ग्रेट डेन, आयरिश वुल्फहाउंड, रॉटवायलर, ग्रेहाउंड ही नावे त्यानंतरच्या निबंधांत वारंवार येतात.

रोगाचे एकंदर स्वरूप असे. श्वानांच्या हाडांत मूलतः उद्भवणाऱ्या अर्बुदांपैकी सुमारे ८५ टक्के ऑस्टिओसार्कोमा असतात. बहुधा मध्यम वयाच्या पुढे, परंतु काही वेळा दीड-दोन वर्षांच्या तरुण श्वानातही तो दिसतो. पायांच्या हाडांत त्याची वस्ती अधिक. तीही पुढच्या पायात कोपरापासून दूरच्या टोकांना, आणि मागच्या पायात गुडघ्याच्या जवळ. श्वान लंगडू लागते, मुरगळले असेल असे समजून काही दिवस जातात, मग सूज दिसते. निदानाच्या वेळी क्ष-किरणांत फुप्फुसातील गाठी दिसण्याचे प्रमाण फार थोडे असते. तथापि पाय कापून टाकला तरी बहुसंख्य श्वान पुढे फुप्फुसांतील फैलावानेच दगावतात. केवळ अवयवच्छेद केलेल्या १६२ श्वानांचा जो अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात निम्मे श्वान सुमारे १९ आठवड्यांच्या आत मृत्यू पावले होते. एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण ११.५ टक्के होते. याचा अर्थ एवढाच की रोग ओळखला जातो तेव्हाच त्याची बीजे दूरवर पडलेली असतात.

५. चिन्हाची अनेकार्थता

अशा रोगात रक्तावरून लवकर निदान करता आले तर केवढा लाभ होईल, हे सांगावयास नको. फॉस्फेटेजवर भिस्त ठेवण्याचा मोह स्वाभाविक होता. परंतु श्वानाच्या बाबतीत हे चिन्ह माणसापेक्षाही अधिक अनेकार्थी निघाले.

श्वानाच्या रक्तरसातील अल्कलाइन फॉस्फेटेज तीन मुख्य उगमांचे असते. एक हाडाचे, दुसरे यकृताचे, आणि तिसरे कॉर्टिकोस्टेरॉइड या वर्गातील द्रव्यांच्या प्रभावाने यकृतात निर्माण होणारे. हा तिसरा प्रकार श्वानाचे वैशिष्ट्य आहे. १९७० च्या दशकात तो स्पष्टपणे ओळखला गेला. आतड्यातील फॉस्फेटेजचे जे जनुक आहे त्याचेच हे रूप असून त्याच्या रेणूवर शर्करेचे आवरण अधिक असते. आतड्याचे मूळ फॉस्फेटेज रक्तात आल्यावर काही मिनिटांत नाहीसे होते. हे शर्करायुक्त रूप मात्र टिकून राहते. सांधेदुखी वा खाज यांसाठी स्टेरॉइड दिलेल्या श्वानात, किंवा ज्याच्या अधिवृक्क ग्रंथी अतिरिक्त काम करीत आहेत अशा श्वानात, एकूण फॉस्फेटेज कित्येक पटींनी वाढलेले आढळते. हाडाचा त्याच्याशी काहीएक संबंध नसतो. वाढत्या वयाच्या पिलात हाडाचे फॉस्फेटेज स्वभावतःच अधिक असते. मोडलेले हाड सांधत असतानाही ते वाढू शकते.

न्यायशास्त्रात अनुमानाच्या हेतूची जी परीक्षा सांगितली आहे ती येथे लावून पाहण्याजोगी आहे. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करता येते, कारण अग्नीवाचून धूर असत नाही. मात्र तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. म्हणजे धुराची व्याप्ती एका बाजूने तरी निर्दोष आहे. फॉस्फेटेजची व्याप्ती दोन्ही बाजूंनी तुटते. अर्बुदावाचून ते वाढलेले असू शकते, आणि ऑस्टिओसार्कोमा झालेल्या अनेक श्वानांत ते वाढलेले नसतेच. नैयायिकांच्या परिभाषेत निदानाच्या दृष्टीने हा ‘सव्यभिचार’ हेतू होय. आजही श्वानाच्या हाडाच्या कर्करोगाचे निदान क्ष-किरण चित्र आणि अर्बुदाचा तुकडा काढून केलेली बायोप्सी यांवरूनच होते, फॉस्फेटेजच्या आकड्यावरून होत नाही.

६. नवा अर्थ : साध्यासाध्यविचार

निदानाच्या कामी अपुरे पडलेले हे चिन्ह विस्मृतीत गेले असते तर आश्चर्य वाटले नसते. परंतु उपचारांत झालेल्या एका बदलाने त्याचा प्रश्नच बदलला.

बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये जंतूंवर विद्युत्प्रवाहाचा परिणाम पाहत असताना प्लॅटिनमच्या संयुगांचा पेशीविभाजनावर होणारा परिणाम आढळला. त्यातून सिसप्लॅटिन हे औषध आले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते अवयवच्छेदानंतर श्वानांना देण्यात येऊ लागले, आणि निम्म्या श्वानांचे आयुष्य चार-पाच महिन्यांऐवजी दहा महिने ते एक वर्ष इतके लांबले. पुढे कार्बोप्लॅटिन व डॉक्सोरुबिसिन यांचाही वापर झाला. सरासरी सुधारली. मात्र एक श्वान तीन महिन्यांत जाते आणि दुसरे तीन वर्षे जगते, ही तफावत कायम राहिली. पाय कापावयाचा की नाही, औषधांचा खर्च व त्रास सोसावयाचा की वेदनाशमनावर भागवावयाचे, हे ठरविणाऱ्या कुटुंबापुढे प्रश्न सरासरीचा नसतो, आपल्या दारातल्या प्राण्याचा असतो. ‘हा रोग आहे काय’ या प्रश्नाची जागा आता ‘या श्वानाचा रोग कोणत्या वळणाचा आहे’ या प्रश्नाने घेतली.

१९९८ मध्ये एरहार्ट व सहकारी यांनी पायाच्या हाडाचा ऑस्टिओसार्कोमा झालेल्या ७५ श्वानांत हा प्रश्न फॉस्फेटेजला विचारला. शस्त्रक्रियेपूर्वी एकूण फॉस्फेटेज प्रतिलिटर ११० एककांच्या वर, किंवा केवळ हाडाचे फॉस्फेटेज २३ एककांच्या वर असलेले श्वान, तेवढे नसलेल्यांपेक्षा कमी जगले, आणि त्यांच्यात रोगही लवकर परतला. शस्त्रक्रियेपूर्वी वाढलेले प्रमाण अर्बुद काढल्यानंतर सुमारे चाळीस दिवसांत सामान्य पातळीवर आले नाही, तर तेही अशुभ लक्षण ठरले. २००० मध्ये गार्झोटो व सहकाऱ्यांच्या निबंधानेही फॉस्फेटेजच्या या गुणाला पुष्टी दिली. २०१२ मध्ये बूरमन व सहकाऱ्यांनी तोवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. फॉस्फेटेज वाढलेले असल्यास मृत्यूचा धोका सुमारे १.६ पट असतो असे त्यांत निष्पन्न झाले. अर्बुद खांद्याजवळ, पुढच्या पायाच्या वरच्या हाडाच्या वरच्या टोकाला असणे, ही दुसरी प्रतिकूल गोष्ट ठरली.

येथे चिन्हाच्या अर्थाविषयी दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली ही की, जोवर रोगाचे निदान इतर मार्गाने झालेले नाही तोवर या आकड्याला हा अर्थ नाही. स्टेरॉइड घेतलेल्या निरोगी श्वानाचे ११० च्या वरचे फॉस्फेटेज मृत्यूची सूचना देत नाही. शब्दाचा अर्थ जसा वाक्यातील स्थानावरून ठरतो, तसा या चिन्हाचा अर्थ वय, औषधे, यकृताची स्थिती आणि बायोप्सीचा निर्णय यांच्या संदर्भात ठरतो. दुसरी ही की, हे चिन्ह अरिष्टाच्या वर्गातील असले तरी जुन्या अर्थाने अरिष्ट नव्हे. अरिष्ट दिसले की मरण अटळ, असे वैद्य मानीत. १.६ पट धोका म्हणजे अटळता नव्हे. वाढलेले फॉस्फेटेज असूनही दीर्घकाळ जगलेले श्वान आहेत, आणि सामान्य फॉस्फेटेज असून लवकर गेलेलेही आहेत. समूहाविषयी खरे असलेले विधान व्यक्तीला लावताना त्याचे रूपांतर भविष्यकथनात होऊ न देणे, हे पशुवैद्याचे कर्तव्य ठरते.

७. अर्बुदाचे अंतरंग

फॉस्फेटेज ही हाड घडविण्याच्या क्रियेची खूण आहे. ते अर्बुदातून येते, तसेच अर्बुदाच्या भोवती डिवचल्या गेलेल्या निरोगी हाडातूनही येते. अर्बुद मूळ स्वभावाने कसे आहे हे जाणण्यासाठी संशोधकांना पेशीच्या अंतरंगात शिरावे लागले.

२००५ मध्ये टाशा नावाच्या बॉक्सर जातीच्या कुत्रीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. एकेका जातीतील श्वान एकमेकांचे जवळचे आप्त असल्यामुळे त्यांच्यातील रोगांचे आनुवंशिक मूळ शोधणे माणसापेक्षा सोपे जाते. २०१३ मध्ये ग्रेहाउंड, रॉटवायलर व आयरिश वुल्फहाउंड या तीन जातींच्या अभ्यासात ऑस्टिओसार्कोमाच्या धोक्याशी निगडित अशी ३३ स्थाने जनुकसंचात आढळली, आणि त्यांतील बरीच हाडाच्या वाढीशी संबंधित होती. अर्बुदाच्या पेशींत पी-५३ या रक्षक जनुकाचे नुकसान वारंवार दिसते. ते माणसांच्या ऑस्टिओसार्कोमातही दिसते. देहाचा आकार आणि रोग यांचे जे नाते १९६६ मध्ये गणिताने दाखविले होते, त्याच्या मुळाशी वाढीचीच यंत्रणा असावी या समजुतीला अशा संशोधनाने बळकटी आली.

रक्ताकडेही पुन्हा नव्याने पाहिले गेले. २०१० मध्ये सॉटनिक व सहकाऱ्यांनी ६९ श्वानांच्या अभ्यासात दाखविले की, उपचारापूर्वी रक्तातील मोनोसाइट व लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी ज्यांच्यात अधिक होत्या त्यांच्यात रोग लवकर परतला. विशेष हे की ही संख्या निरोगी मर्यादेच्या आत असतानाही हा फरक दिसला. मोनोसाइट पेशी अर्बुदात शिरून त्याला प्रतिकार करण्याऐवजी आश्रय देऊ शकतात. याच पेशींना उलट बाजूने जागे करण्याचा प्रयत्न विस्कॉन्सिन विद्यापीठात आधीच झाला होता. ग्रेगरी मॅकएवन व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये २७ श्वानांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. अवयवच्छेदानंतर मेदकणांत गुंडाळलेले म्युरामिल ट्रायपेप्टाइड दिलेल्या श्वानांचे मध्यक आयुर्मान २२२ दिवस, तर केवळ रिकामे मेदकण दिलेल्यांचे ७७ दिवस होते. हेच औषध मिफामुर्टाइड या नावाने २००९ मध्ये युरोपात मुलांच्या व तरुणांच्या ऑस्टिओसार्कोमासाठी मान्य झाले.

प्रत्येक आशा अशी फळास आली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ मध्ये पाळीव श्वानांच्या चाचण्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. त्या कार्यक्रमात ३२४ श्वानांवर झालेल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या उपचाराला रॅपामायसिनची जोड देऊनही आयुष्य लांबले नाही, असे २०२१ मध्ये जाहीर झाले. नकारात्मक असला तरी हा निष्कर्ष मोलाचा आहे, कारण मुलांना त्या औषधाच्या मार्गाने नेण्यापूर्वी तो हाती आला.

निदानाच्या चिन्हाचा जुना शोधही थांबलेला नाही. अर्बुदाच्या पेशी मरताना त्यांच्या डी.एन.ए.चे तुकडे रक्तात सुटतात. ते वाचून कर्करोग ओळखण्याची चाचणी सुमारे ११०० श्वानांवर करून २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व प्रकारचे कर्करोग मिळून तिने सुमारे ५५ टक्के रोगी श्वान ओळखले. ऑस्टिओसार्कोमासह तीन अत्यंत आक्रमक कर्करोगांत हे प्रमाण सुमारे ८५ टक्के होते. फॉस्फेटेज हाडाच्या कामाची वार्ता देते, हे तुकडे अर्बुदाच्याच हस्ताक्षरातील असतात. निदानाच्या दृष्टीने दोन्हींत हा मूलभूत फरक आहे.

८. समारोप

रॉबिसनच्या १९२३ मधील निरीक्षणापासून आजवर शंभराहून अधिक वर्षे लोटली. या काळात अल्कलाइन फॉस्फेटेज हा रेणू बदलला नाही. त्याला विचारण्यात येणारा प्रश्न बदलला. अस्थिनिर्मितीचे साधन, हाडाच्या रोगाचे लक्षण, कर्करोगाचे निदानचिन्ह, आणि शेवटी रोगाच्या गतीचे सूचक, अशा अवस्थांतून त्याचा अर्थ गेला. तिसऱ्या अवस्थेतील अपयश चौथ्या अवस्थेतील उपयोगाच्या आड आले नाही. याचे कारण निदान व साध्यासाध्यविचार ही कार्ये भिन्न आहेत हे होय.

व्यवहारात आज या चिन्हाचे दोन उपयोग आहेत. नव्या औषधाची चाचणी घेताना मंदगती व द्रुतगती रोगाचे श्वान दोन्ही गटांत सारखे विभागले जावेत, यासाठी ते पाहिले जाते. तसे न केल्यास औषधाचे श्रेय रोगाच्या स्वभावाला, किंवा रोगाचा दोष औषधाला जाण्याचा संभव असतो. दुसरा उपयोग दवाखान्यातला. श्वान तीन पायांवर बहुधा चांगले चालू लागते, आणि वेदनेचे मूळ गेल्याने त्याला आराम पडतो. त्यामुळे फॉस्फेटेज वाढले आहे एवढ्यावरून अवयवच्छेद व्यर्थ ठरत नाही. परंतु पुढे किती काळ हाती असण्याचा संभव आहे, हे पशुवैद्याला अधिक प्रामाणिकपणे सांगता येते, आणि त्या काळाचे काय करावयाचे ते घरच्या माणसांना ठरविता येते.

यूटाच्या प्रयोगशाळेतील बीगलांकडून जे ज्ञान मिळाले त्याचा लाभ त्यांना झाला नाही. पाळीव श्वानांच्या चाचण्यांत श्वान मालकाच्या संमतीने, आधीच झालेल्या रोगावरील उपचारासाठी येते, आणि त्याच्यावरील उपचाराचा अनुभव माणसांच्या मुलांपर्यंत पोहोचतो. या अभ्यासाच्या इतिहासात रक्तातील आकड्यांइतकाच हा बदलही नोंदविण्यासारखा आहे.